चार सिलिंडर, तीन नळ्या

जुन्या एमजीबीचं बॉनेट उघडा आणि इंजिनाच्या कडेनं खाली उतरणाऱ्या एक्झॉस्टच्या नळ्या मोजा. एक, दोन, तीन. इंजिन चार सिलिंडरचं आहे हे ठाऊक असलेला माणूस हमखास पुन्हा मोजतो. पुन्हा तीनच भरतात.

मला या गाडीचं वेड लागलं ते या तीन नळ्यांपासून. आपल्याकडे एमजी म्हटलं की 2019 साली आलेली हेक्टर डोळ्यांसमोर येते. त्या दोन अक्षरांनी नाव कमावलं ते मात्र ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी. 1962 ते 1980 या काळात तिथे एमजीबी ही बुटकी, देखणी स्पोर्ट्स कार पाच लाखांहून अधिक संख्येनं तयार झाली. गाड्या इतक्या, म्हणून सुटे भाग बनवणारेही भरपूर. साठी गाठलेल्या या गाडीसाठी आज नवा सायलेन्सर, इंजिनाला जोडायच्या नळ्यांचं नवं हेडर, स्टेनलेसची संपूर्ण नळी असं सगळं खोक्यात बांधून घरपोच येतं. खोकं उघडल्यावर चकाकती नळी पाहून कोणीही हरखतो. माझी नजर मात्र आधी तिच्या टोकांवर जाते. एक्झॉस्टचं बरंवाईट ठरतं ते जोडांवर.

पहिला जोड डोळ्यांना दिसतच नाही

एमजीबीच्या बी-सिरीज इंजिनाच्या हेडला एकाच अंगाला पाच तोंडं आहेत: दोन आत घेणारी, तीन बाहेर टाकणारी. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचा धूर हेडच्या पोटातच एकत्र येतो आणि मधल्या एकाच तोंडातून बाहेर पडतो. जुळलेल्या भावंडांवरून अशा तोंडाला सयामी पोर्ट म्हणतात.

यात एक सुंदर हिशेब दडलाय. इंजिन पेटतं 1-3-4-2 या क्रमानं. म्हणजे 3 आणि 2 यांच्या मध्ये दर वेळी एक सिलिंडर पेटून जातो. एकाचा धूर निघाला की क्रँकशाफ्टचा पुरा एक फेरा होतो आणि मगच दुसऱ्याचा येतो. एकाच दारातून जाऊनही दोघांची टक्कर होत नाही. आत घेणाऱ्या तोंडांचं नशीब एवढं चांगलं नाही. तिथे 1 आणि 2 एका दारातून ओढतात, 3 आणि 4 दुसऱ्या, आणि हे शेजारी लागोपाठ ओढतात. एकाच्या ताटातला घास दुसरा पळवतो. म्हणून बी-सिरीजचा दम वाढवायचा तर खरं काम हेडमध्ये असतं, एक्झॉस्टमध्ये नंतर.

बाजारातल्या हेडरला ‘लाँग सेंटर ब्रँच’ असं नाव आहे, तोंडी नुसतं एलसीबी. कडेच्या दोन नळ्या, म्हणजे 1 आणि 4, आधी एकमेकींना मिळतात आणि बऱ्याच खाली जाऊन मधलीला भेटतात. मधल्या जोडीचं मीलन हेडमध्येच उरकलेलं असल्यामुळे ती एकटीच लांब उतरते. चाराचे दोन, दोनाचा एक, असा हिशेब तीन नळ्यांत पुरा होतो!

मंत्रालयाच्या पोर्चमधली नातेवाईक

लाल दिव्याची पांढरी अ‍ॅम्बॅसेडर आठवते? तिच्या बॉनेटखाली वर्षानुवर्षं जे 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, ते याच बी-सिरीज घराण्यातलं. एमजीबीच्या आधीची एमजीए 1955 साली बाजारात आली तीही 1489 सीसीचंच इंजिन घेऊन. एमजीबीत ते वाढून 1798 सीसी झालं. ज्या मिस्त्रींनी अ‍ॅम्बॅसेडरची हेडं उतरवली आहेत, त्यांना एमजीबीसमोर उभं केलं तर पाच तोंडांची ती रांग ते डोळे मिटून ओळखतील. एक गाडी साहेबांना घेऊन दौऱ्यावर निघायची, दुसरी वाऱ्याला केस देत इंग्लंडच्या गल्ल्यांतून पळायची. घराणं एकच.

कंपनीचं लोखंड इतकं वाईट नाही

हेडर विकत घेणाऱ्यांना हे ऐकायला आवडत नाही, पण एमजीबीचा मूळचा ओतीव लोखंडी मॅनिफोल्ड, ज्याच्या जागी हेडर बसतं, मुळातच चांगला आहे. तीन तोंडांचा धूर तो बऱ्यापैकी मोकळेपणानं वाहून नेतो, आणि बी-सिरीजवर आयुष्य घालवलेले ट्यूनर साध्या रस्त्यावरच्या गाडीला तोच ठेवायला सांगतात. ओतीव लोखंड जाड असल्यानं ठोक्यांचा आवाज बराचसा पोटात ठेवतं. पातळ नळ्यांचं हेडर तोच आवाज बॉनेटखाली किणकिणत सोडतं. माझं मत विचाराल तर मॅनिफोल्ड मूळचा ठेवा, त्यापुढची नळी आणि सायलेन्सर स्टेनलेसचे घ्या, आणि उरलेले पैसे हेडच्या कामाला लावा. शर्यतीची गाडी असेल तर गोष्ट वेगळी.

एका वॉशरची मोठी गोष्ट

आता जिथे मन रमतं तिथे येऊ. एमजीबीत इनटेकचा आणि एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड शेजारी शेजारी बसतात, आणि मधल्या स्टडवर एकच नट दोघांनाही दाबून धरतो. नटाखाली एक जाडजूड, रुंद वॉशर असतो. त्याची अर्धी बाजू इनटेकच्या कानावर टेकते, अर्धी एक्झॉस्टच्या.

कंपनीनं दोन्ही कान सारख्या जाडीचे ठेवले होते. बाहेरच्या हेडरचा कान मात्र बनवणाऱ्याच्या मर्जीनं कधी जाड, कधी पातळ. जाडीत मिलिमीटरभर फरक पडला की वॉशर तिरपा बसतो. नट कितीही आवळा, दाब जाड कानावरच पडतो. पातळ कान सैल राहतो आणि तिथून फूस सुरू होते.

एक्झॉस्टची बाजू सुटली तर इंजिन थंड असताना बारीक टक-टक ऐकू येते. ती हुबेहूब टॅपेटसारखी वाजते. कित्येकजण टॅपेट पुन्हा पुन्हा सेट करत बसतात आणि टक-टक काही जात नाही. तपासायला सोपा उपाय आहे. हातभर रबरी नळी घ्या, एक टोक आपल्या कानाशी धरा, दुसरं जोडावरून फिरवा. जिथे फूस आहे तिथे कानात कोणीतरी टिचक्या मारल्यासारखं वाजतं. इनटेकची बाजू सुटली तर आवाजाऐवजी चाल बिघडते. इंजिन फुकटची हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं आणि आयडलला गाडी हेलकावे खाते.

म्हणून हेडर हातात आलं की पहिलं काम व्हर्नियरचं. दोन्ही कान मोजायचे, जाड असेल तो मशीनवर घासून घ्यायचा किंवा वॉशरलाच पायरी काढायची. अर्ध्या दिवसाचं काम, पण यानंतर जोड वर्षानुवर्षं बोलत नाही.

आणखी एक. गॅस सोडल्यावर मागून फट-फट आवाज येतो, तो पुष्कळांना शर्यतीच्या गाडीचा वाटतो. बऱ्याचदा तो गळक्या जोडाचा असतो. धुराचा प्रत्येक ठोका पुढे गेला की मागे क्षणभर दाब कमी होतो, फटीतून ताजी हवा आत शिरते आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर पेटतं.

13चा पाना घेऊ नका

मॅनिफोल्डच्या नटांना अर्ध्या इंचाचा पाना लागतो. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. आपल्या पेटीतला 12चा बसत नाही आणि 13चा बसल्यासारखा वाटतो. त्या 0.3 मिलिमीटरच्या ढिलेपणात गंजलेल्या नटाचे कोपरे गोल होतात, आणि मग तो नट कशालाच दाद देत नाही. इंची पान्यांचा एक संच आधी घ्या, एक्झॉस्ट नंतर.

जाम नट सोडवायची रीत जुनीच आहे. दोन-तीन रात्री आधीपासून तेल सोडत राहायचं, नट गॅसच्या ज्योतीनं तापवायचा, आणि सोडण्याआधी किंचितसा आवळायचा. गंजाची पकड त्या उलट्या हिसक्यानं फुटते. एवढं करूनही स्टड तुटलाच तर उरलेल्या खुंटावर नवा नट वेल्ड करतात. वेल्डिंगच्या उष्णतेनं खुंट मोकळा होतो आणि त्याच नटाला पाना लावून तो बाहेर येतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ही जादूच वाटली होती.

मॅनिफोल्डला खालची नळी जोडतात तिथले नट पितळी असतात, दिसायला सोनेरी म्हणून नव्हे. पितळ गंजत नाही, आणि ते पोलादाहून मऊ. कधी जाम झालंच तर आटे नटाचे जातात, स्टड वाचतो. नवा एक्झॉस्ट बसवताना तिथे साधे पोलादी नट लावू नका. पाच वर्षांनी कोणीतरी तुम्हाला बोल लावेल.

खाली शेगडी, वर पेट्रोल

एमजीबीत कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत. लालबुंद तापणाऱ्या मॅनिफोल्डच्या वर, वीतभर अंतरावर, पेट्रोलनं भरलेले दोन एसयू कार्बोरेटर! मध्ये पत्र्याची एक उष्णता-ढाल, बस. जुनी ढाल पिचलेली असेल आणि वर पातळ नळ्यांचं हेडर बसवलं, तर ट्रॅफिकमध्ये थांबल्यावर कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळू लागतं आणि गाडी पुन्हा सुरू व्हायला कटकट करते.

यावर लोक नळ्यांना काचतंतूंची पट्टी गुंडाळतात. उष्णता आत राहते हे खरं, पण पट्टी ओल धरून ठेवते आणि साध्या पोलादाची नळी आतल्या आत सडते. सिरॅमिकचा लेप महाग पडतो, तरी मी तोच निवडेन.

एसयू हे नाव स्किनर्स युनियनवरून पडलं. स्किनर घराण्याचा मूळ धंदा पादत्राणांचा, आणि त्यांच्या सुरुवातीच्या कार्बोरेटरमधला भाता चक्क चामड्याचा होता. चपलेच्या दुकानातून गाडीच्या इंजिनापर्यंत चामडं असं पोचलं.

एक लिटर पेट्रोल, एक लिटर पाणी

ही गोष्ट सांगितली की लोकांचा विश्वास बसत नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे एक लिटर पाणी तयार होतं. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी मिळतो आणि वाफ होऊन सायलेन्सरमधून निघतो. लांबच्या प्रवासात सायलेन्सर तापलेला असतो, वाफ बाहेर पडते. पण रविवारी सकाळी गाडी काढली, कोपऱ्यापर्यंत फिरवली आणि पुन्हा झाकून ठेवली, की ती वाफ थंड सायलेन्सरमध्ये पाणी होऊन साचते. जुन्या लाडक्या गाड्यांचे सायलेन्सर आतून कुजतात ते यामुळे. ज्यांना जपतो त्याच गाड्यांचं हे दुखणं. सायलेन्सरच्या खाली बारीक भोक दिसलं तर ते बुजवू नका, पाण्याची वाट आहे ती. आणि गाडी काढलीच तर अर्धा तास तरी पळवा.

शेफील्डचं देणं

स्टेनलेसचा सायलेन्सर हवा वाटतो तो याच पाण्यापायी. इंग्लंडमध्ये हे पोलाद 1913 साली हॅरी ब्रियर्ली यांनी शेफील्डच्या प्रयोगशाळेत तयार केलं. खरेदीला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. 304 जातीच्या स्टेनलेसला तो जवळपास चिकटत नाही. स्वस्तातल्या 409ला पटकन चिकटतो. दोन्ही स्टेनलेसच, पण 409वर वरवरचा तांबूस गंज लवकर चढतो.

नवी नळी पहिल्या काही फेऱ्यांत रंग बदलते. आधी गवती पिवळी, मग सोनेरी, जांभळी, निळी. धातूवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो आणि साबणाच्या फुग्यावर रंग उमटतात त्याच कारणानं नळीवर उमटतात. थर जाड होत गेला की रंग पुढे सरकतो. नळी कुठे किती तापते याचा तो नकाशाच म्हणायचा.

एक खबरदारी. स्टेनलेस 304 साध्या पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं. मीटरभर नळी 400 अंशांनी तापली तर साधं पोलाद सुमारे 5 मिलिमीटर लांबतं, स्टेनलेस जवळजवळ 7. म्हणून नळी गाडीच्या पोटाला घट्ट बांधायची नसते, रबरावर लटकवायची असते. हलायला जागा नसली तर ती पत्र्यावर ठणठणते आणि अखेरीस वेल्डपाशी तडकते.

पेटीवरची पांढरी पाच

चार सिलिंडरचं इंजिन क्रँकच्या एका फेऱ्यात दोनदा पेटतं. मिनिटाला 3000 फेरे म्हणजे सेकंदाला 50, म्हणजे सेकंदाला 100 ठोके. 100 हर्ट्झ! पेटीच्या पांढरी पाचचा खर्जातला स्वर याच्या अगदी शेजारी, 98 हर्ट्झवर आहे. 3000वर धावणारी एमजीबी त्या स्वराच्या आसपास गात असते, आणि सायलेन्सर बदलला म्हणून तो स्वर बदलत नाही. बदलतो तो पोत. त्याच स्वरावर कोणते उपस्वर चढतात, कोणते दबतात, एवढंच सायलेन्सरच्या हाती.

जुन्या धाटणीच्या सायलेन्सरमध्ये खोल्या आणि पडदे असतात. आवाज त्यांच्यावर आपटून आपल्याच प्रतिध्वनीशी लढतो आणि विरतो. शर्यतीच्या धाटणीत भोकं पाडलेली सरळ नळी आणि भोवती काचेची लोकर. ही लोकर काही वर्षांत झडून जाते, म्हणून पहिल्या वर्षी गोड वाटणारा सायलेन्सर पाचव्या वर्षी कर्कश होतो.

काही गाड्या एका ठरावीक वेगाला कान बधिर करणारा घुमारा काढतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एकाच स्वरात घुमते, तसा. त्यावर उताराही त्याच विज्ञानातला. मुख्य नळीला बाजूनं एक बंद तोंडाची नळी जोडायची. तिची लांबी त्या स्वराच्या लहरीच्या एक-चतुर्थांश ठेवली की आत गेलेला आवाज परत येताना उलटा येतो आणि घुमाऱ्याला खोडून काढतो. 100 हर्ट्झसाठी अशी नळी सुमारे एक मीटर लागते. एमजीबीच्या पोटाखाली एवढी जागा शोधणं हेच मोठं काम.

जाड नळीबद्दलही एक गैरसमज आहे. पावणेदोन इंचाच्या जागी दोन इंचाची नळी घातली तर व्यास थोडाच वाढतो, पण आतली जागा 30 टक्क्यांनी वाढते. मोकळ्या नळीत धूर रेंगाळतो, त्याचा वेग पडतो, आणि पुढे पळणारा ठोका मागच्याला जी ओढ देतो ती कमी होते. खालच्या वेगाला गाडी मंद वाटते. त्यात एमजीबी मुळातच रस्त्याला टेकलेली. जाड सायलेन्सर प्रत्येक स्पीडब्रेकरवर घासतो.

इतर घरांत डोकावून

हवेनं थंड होणाऱ्या जुन्या पोर्शे 911मध्ये एक्झॉस्टच हीटर आहे. नळ्यांभोवतीच्या कवचातून हवा तापून केबिनमध्ये येते. तिला शर्यतीचं हेडर बसवलं की आवाज अप्रतिम येतो आणि जर्मनीच्या हिवाळ्यात पाय गोठतात.

फोर्ड जीटी40च्या मागे नळ्यांचं जे वेटोळं दिसतं त्याला ‘सापांची जुडी’ म्हणतात. व्ही-8च्या दोन्ही बाजूंचे ठोके समान अंतरानं एकत्र यावेत म्हणून उजवीकडच्या काही नळ्या डावीकडे आणि डावीकडच्या काही उजवीकडे नेल्या आहेत.

कार्लो अबार्थ यांचा जन्म व्हिएन्नाचा, 15 नोव्हेंबर 1908चा. वृश्चिक रास, म्हणून चिन्ह विंचवाचं. 1949 साली त्यांनी इटलीत कंपनी काढली आणि तिचं घर चाललं ते मुख्यतः फियाटसारख्या छोट्या गाड्यांना विकलेल्या सायलेन्सरवर. बाहेरच्या एक्झॉस्टला प्रतिष्ठा मिळवून दिली ती या माणसानं. 1965 साली एका विक्रमी गाडीच्या चिंचोळ्या आसनात मावता यावं म्हणून त्यांनी 30 किलो वजन उतरवलं होतं.

आणि एमजीबीचीच धाकटी, 1990च्या दशकातली आरव्ही8. तिच्या व्ही-8च्या नळ्यांना बॉनेटखाली जागा पुरेना, तेव्हा कंपनीनं आतल्या मडगार्डला भोक पाडून त्या बाहेर काढल्या. आज जुन्या एमजीबीत व्ही-8 बसवणारे तीच युक्ती वापरतात.

कायदा इथला आणि तिथला

ब्रिटनमध्ये 40 वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या गाडीला वार्षिक तपासणी माफ आहे, पण आवाज वाढेल असा बदल सायलेन्सरमध्ये करायला मनाई आहे. ट्रॅकवर तर मोजणीच होते: नळीच्या तोंडापासून अर्धा मीटर, 45 अंशांच्या कोनात मीटर धरून. महाराष्ट्रात पोलिसांनी जप्त केलेले कर्णकर्कश सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडल्याची चित्रं आपण पाहिली आहेत. ती कारवाई मला योग्य वाटते. 2021च्या नियमांनुसार आपल्याकडे 50 वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची खास पाटी मिळते, आणि ती प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा ठरावीक कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. जी गाडी वर्षातून मोजक्या वेळा बाहेर पडते, तिनं शेजाऱ्यांना हेवा वाटेल असं गावं.

शेवटचा पाना दुसऱ्या दिवशी

नवा एक्झॉस्ट बसवताना सगळे जोड आधी सैल ठेवायचे. नळी लटकवायची, हातानं हलवून पाहायची, पत्र्यापासून सगळीकडे बोटभर अंतर आहे ना ते बघायचं, आणि मग पुढून मागे एकेक नट आवळत जायचं. मागून सुरुवात केली तर ताण पुढच्या जोडावर येतो.

पहिल्यांदा सुरू केल्यावर नळीवर राहिलेलं तेल आणि बोटांचे ठसे जळतात आणि निळसर धूर निघतो. घाबरू नका. नळी आधीच पुसून घेतली असेल तर ठसे कायमचे उमटत नाहीत. पंधरा-वीस किलोमीटर फिरून या आणि गाडी रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी अर्ध्या इंचाचा पाना घेऊन मॅनिफोल्डपाशी जा. पॅकिंग दबलेलं असतं, प्रत्येक नट थोडा थोडा आणखी बसतो. मधल्या मोठ्या वॉशरपाशी जरा जास्त थांबा. मग रबरी नळी कानाला लावून इंजिन सुरू करा, थंड असतानाच, आणि तीनही तोंडांवरून ती सावकाश फिरवा.